व्याख्येबाहेर राहिलेली माणसे



अमेरिकेच्या विधिमंडळात बसलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्या समाजाविषयी, परदेशातून आलेल्या माणसांविषयी आणि स्त्रियांविषयी जे सांगितले व जे केले, त्याची ओळख मला आज तुम्हांला करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव शर्ली चिझम. साता समुद्रापलीकडच्या या बाईंशी आपला काय संबंध, असे तुमच्यापैकी कोणी मनात म्हणेल. आपण सर्व मतदार आहोत. निवडून गेलेल्या माणसाचे बोलणे कोणत्या मापाने मोजावे, हे त्यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट कळते. संबंध तो इतकाच, पण तो लहान नाही.

मी व्यवसायाने वकील आहे. नवा कायदा हाती आला की वकील प्रथम व्याख्येचे कलम उघडतो. पुढील कलमांतून हक्कांची भाषा कितीही उदार असो, ते हक्क कोणाच्या पदरात पडणार हे व्याख्येतच ठरून गेलेले असते. कामगार कोणास म्हणावे? साक्षर कोणास म्हणावे? निर्वासित कोणास म्हणावे? जो त्या शब्दात बसत नाही, त्याला कायदा उंबरठ्यावरूनच परत पाठवितो. चिझमबाईंच्या लढ्याचे मर्म मला येथे दिसते. व्याख्येबाहेर कोण राहिले, हा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा विचारला.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील ब्रिटिश गियानाचे, आई बार्बाडोस बेटाची. दोघेही पोटासाठी अमेरिकेत आलेले. वडील पोत्यांच्या कारखान्यात मजुरी करीत; आई शिवणकाम करी आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करी. तेवढ्या मिळकतीत मुलींचे पालनपोषण होईना, म्हणून शर्ली व तिच्या बहिणींना काही वर्षे बार्बाडोसला आजीकडे ठेवावे लागले. १९३४ साली त्या परतल्या. १९४६ साली शर्ली ब्रुकलिन कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातून त्यांनी एम. ए. केले. हे कोलंबिया तुम्हांस अपरिचित नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी तेथेच अध्ययन केले होते. शिक्षण घेऊन बाईंनी बालवाड्यांत काम केले. कामावर जाणाऱ्या आयांची मुले त्यांच्या हाती येत, आणि त्या आयांच्या अडचणी त्यांना रोज दिसत.

१९६४ साली त्या न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवडून गेल्या. त्या राज्यात नव्याने नाव नोंदविणाऱ्या मतदाराला इंग्रजी लिहिता-वाचता येते हे सिद्ध करावे लागे. पोर्टो रिको बेटावरून आलेले हजारो लोक त्या शहरात राहत होते. १९१७ च्या कायद्याने ते अमेरिकेचे नागरिक झाले होते, परंतु त्यांचे शिक्षण स्पॅनिश भाषेत झालेले होते. आपल्या भाषेत वृत्तपत्र वाचणारा, पत्र लिहिणारा मनुष्य कायद्याच्या लेखी निरक्षर ठरे आणि त्याचे मत जाई. चिझमबाईंनी सभागृहात या अटीला विरोध केला. एखाद्याचे काम त्याच्या मातृभाषेत अधिक चांगले चालते म्हणून तो अडाणी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशाच्या काँग्रेसनेही १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात अशी तरतूद केली की, पोर्टो रिकोच्या शाळेत सहावी उत्तीर्ण झालेल्यास इंग्रजीच्या कारणाने मत नाकारता येणार नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरविली. ‘साक्षर’ या एका शब्दाचा अर्थ रुंदावला आणि अनेकांच्या हाती मतपत्रिका आली.

१९६८ साली चिझमबाई देशाच्या काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या. तेथे निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. त्यांचा मतदारसंघ दाट वस्तीचा, शहरी, गरिबांचा. आणि सभागृहाने त्यांना नेमले कृषी समितीवर! नव्या सदस्याने मिळेल ते मुकाट्याने घ्यावे, हा तेथील रिवाज होता. बाईंनी भर सभागृहात हरकत घेतली आणि नेमणूक बदलून घेतली. निवडून येणे आणि ऐकले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांना पहिल्याच महिन्यांत उमगले.

२१ मे १९६९ रोजी त्यांनी स्त्रियांच्या समान हक्कांवर सभागृहात भाषण केले. पदवी घेऊन नोकरीच्या शोधात आलेल्या तरुणीला टंकलेखन येते काय, हाच प्रश्न प्रथम का विचारला जातो, असे त्यांनी विचारले. राजकारणात आपल्याला वर्णापेक्षा स्त्री म्हणून अधिक वेळा डावलले गेले, हेही त्यांनी तेथे उघडपणे सांगितले. या वाक्याने त्यांच्या समाजातील काही पुरुष नाराज झाले असतील तर त्यात नवल नाही. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या समाजातही स्त्रीला मागच्या रांगेत बसविले जाते, हे ऐकावयास कडू वाटते. पण आपल्या सभांतून स्त्रिया किती येतात आणि व्यासपीठावर किती बसतात, हे तुम्ही मोजून पाहा. मग बाईंचे वाक्य परके वाटणार नाही.

लिंगाच्या कारणाने कोणाचाही समान हक्क नाकारता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने २२ मार्च १९७२ रोजी संमत केली. ती अमलात येण्यास ३८ राज्यांची संमती हवी होती. १९८२ च्या मुदतीपर्यंत ३५ राज्यांचीच मिळाली. जी दुरुस्ती त्यांनी हिरिरीने मांडली, ती त्यांच्या कारकिर्दीत पुरी झाली नाही. तरीही काम थांबले नाही. मोठा दरवाजा उघडत नसेल तेव्हा लहान दरवाजे ठोठवावे लागतात.

असा एक दरवाजा घरकामगार स्त्रियांचा होता. अमेरिकेत १९३८ साली किमान वेतनाचा मोठा कायदा झाला. कामगारांची सनद म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु शेतमजूर आणि दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या स्त्रिया त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय माणसे मोठ्या संख्येने नेमकी हीच दोन कामे करीत असत. कायद्यात वर्णाचा एक शब्दही नव्हता. वर्णभेदाचे काम वगळण्याच्या तरतुदीने केले. ज्यांच्या आईने लोकांची घरे झाडली होती, त्या चिझमबाई हे कसे विसरतील? १९७४ च्या दुरुस्तीने घरकामगारांना किमान वेतनाचा हक्क मिळाला, आणि त्यासाठी सभागृहात झगडणाऱ्यांत त्या पुढे होत्या.

या संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७२ साली चिझमबाई राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या होत्या. त्याच शर्यतीत अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस होते. गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवण्याचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला होता. १५ मे रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला. चिझमबाई त्यांना रुग्णालयात भेटावयास गेल्या. त्यांचे पाठीराखे संतापले. पुढे घरकामगारांच्या वेतनाचा प्रश्न काँग्रेसपुढे आला तेव्हा दक्षिणेकडील सदस्यांची मते मिळविण्यास वॉलेस यांनी साहाय्य केले, असे बाईंनी नंतर सांगितले. बाईंनी तत्त्वात तडजोड केली नाही. मनुष्यत्व सोडले नाही, इतकेच.

आता परदेशातून आलेल्यांचा प्रश्न. १९८० साली क्यूबा बेटावरून सुमारे सव्वा लाख लोक नावांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर आले. हैती देशातील दुवालिए यांच्या हुकूमशाहीतून पळालेले कृष्णवर्णीय लोकही मोडक्या नावांतून त्याच किनाऱ्यास लागत होते. क्यूबाच्या लोकांना साम्यवादी राजवटीतून सुटलेले म्हणून आश्रय मिळे. हैतीच्या लोकांना पोटासाठी आलेले म्हणून अटकेत ठेवीत वा परत पाठवीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झालेल्या निर्वासित कायद्याची व्याख्या देशादेशांत भेद करीत नव्हती. छळाची साधार भीती असलेला कोणताही मनुष्य तिच्यात बसत होता. मग भेद आला कोठून? तो अंमलबजावणीतून आला. काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या मंडळाने हैतीच्या निर्वासितांसाठी नेमलेल्या समितीच्या प्रमुख म्हणून चिझमबाईंनी दोघांना एकच न्याय लावण्याची मागणी केली. जून १९८० मध्ये सरकारने क्यूबा व हैती या दोन्ही देशांच्या लोकांसाठी एकच तात्पुरता दर्जा जाहीर केला. जुलैमध्ये फ्लॉरिडातील संघराज्य न्यायालयाने चार हजारांहून अधिक हैतीवासीयांचे अर्ज ज्या रीतीने निकालात काढले, ती रीत बेकायदा ठरविली. परंतु १९८१ साली नवे सरकार आले आणि हैतीच्या नावा समुद्रातच अडविण्याचा हुकूम निघाला. कायद्यात शब्द मिळवून भागत नाही. त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो.

चिझमबाई जानेवारी १९८३ मध्ये निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी २००५ रोजी निवर्तल्या. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या दारात उभा आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी स्त्री-कामगारांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला, पण तो कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. शेतात आणि परक्यांच्या घरी राबणारी स्त्री त्याच्याबाहेर राहिली. आणखी जवळचे उदाहरण घ्या. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करण्याचे विधेयक २०१० साली लोकसभेत आले, तेव्हा त्यातून घरकामगार स्त्रीला वगळले होते. संघटनांनी आवाज उठविला, संसदेच्या समितीने तो ऐकला, आणि २०१३ च्या कायद्यात तिचा समावेश झाला. आज कोणाच्या घरी काम करणारी तुमची बहीण अशा छळाविरुद्ध तक्रार करू शकते, ती त्या बदललेल्या व्याख्येमुळे. हे तिला सांगितलेत काय?

म्हणून माझी तुम्हांस विनंती आहे. मत मागावयास येणाऱ्याने समाजावर, स्त्रियांवर, गरिबांवर किती कळवळ्याने भाषण केले यावर समाधान मानू नका. त्याला विचारा: तुम्ही सभागृहात होता तेव्हा कोणत्या कायद्यातील कोणता शब्द बदलविलात? कोण बाहेर होते आणि कोण आत आले? तुमच्या वस्तीतील धुणीभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, दुसऱ्या राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीचे नाव त्या व्याख्येत आहे काय? हा प्रश्न पुरुषांनी विचारावा, आणि स्त्रियांनी तर उभे राहून विचारावा. कायद्याचे पुस्तक कोणा एकाच्या घरचे नाही. ज्या घरात आज मुलगी शाळेत जाते, त्या घरात ते उद्या वाचले गेले पाहिजे.