खुर्चीचं बूड

(खामगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



खुर्चीवर भाषणं लई झाली. मी खुर्चीच्या बुडाबद्दल बोलणार. वेतानं विणलेलं बूड, ज्याच्यावर साहेब टेकतो, ते.

आमचं घर मेहकर तालुक्यातलं, मांगवाड्यातलं. आजा अंबाडीचा दोर वळायचा. अंबाडी नाल्यात कुजवायची, सोलायची, वाख काढायचा, पीळ द्यायचा. कासरा, दावं, चऱ्हाट, बाजेची दोरी, सगळं त्याच्या हातचं. मोबदला? खळ्यावरचं बलुतं, तेही हात पसरून. बापानं तोच हात वेतावर चालवला. इथं खामगावात खुर्च्यांची फाटकी बुडं विणली.

काम बघा. जुना वेत कापायचा, चौकटीची भोकं टोच्यानं मोकळी करायची. पट्टी पाण्यात भिजवायची. कोरडी वाकवली तर तडकते. मग दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. कुठं वरून, कुठं खालून. सहावी फेरी बसली की आठकोनी जाळी उमटते. मग कडेनं जाड पट्टी बांधायची. वेत वाळताना आवळतो, तेव्हा बूड वजन पेलतं. एक फेरी चुकली तर उसवा पुन्हा. हा सगळा हिशेब बापाच्या बोटांत होता.

आणि हा हिशेब जाणणारा बसायचा कुठं? फरशीवर. एका कचेरीत खुर्च्या त्यानं विणल्या, चहा मात्र वऱ्हांड्यात, वेगळ्या कपात. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसायला घरचं तरट न्यावं लागलं. २०१९ साली उत्तराखंडात, टिहरी जिल्ह्यात, लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून दलित पोराला मारल्याची फिर्याद झाली. काही दिवसांत पोरगा मेला.

तुम्ही म्हणाल, जातीचा धंदा, फेकून द्या. मीही मुंबईला गेलो, गोदीत ओझी उचलतो. पण १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, ते कशाशी भांडत होतं? कामाशी नव्हे. जन्माला बांधलेल्या, फुकटात राबवणाऱ्या कामाशी.

म्हणून जात म्हणून एक पट्टीही विणू नका. कारागीर म्हणून विणायचं तर आधी दर ठरवा, कागदावर घ्या, रोख मोजून घ्या. विद्या आपली आहे, ती बलुत्यात जाणार नाही.

आणि विणून झालं की त्या खुर्चीवर पहिलं आपण बसा. बूड वजन पेलतं का, हे विणणाऱ्यानंच बघायचं असतं.

जय भीम!