तिरानातला पहिला दिवस

(कणकुंबी येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अल्बेनियात काय बघितलंस ते सांग, असं मला सांगितलंय. सगळं सांगत बसले तर तुमची शेवटची गाडी चुकेल. म्हणून फक्त पहिला दिवस.

आम्ही कॉलेजची नऊ मुलंमुली. गोव्यातून मुंबई, तिथून इस्तंबूल, मग तिराना. उतरलो आणि विमानतळाचं नाव वाचलं, मदर तेरेसा! आपण त्यांना कोलकात्याच्या म्हणतो, पण त्या जन्मानं अल्बेनियन, 1910 साली स्कोप्ये शहरात जन्मलेल्या. पासपोर्ट बघणाऱ्या बाईंनी 'इंडिया' वाचलं आणि त्यांचंच नाव घेऊन हसल्या. पोटातली निम्मी भीती तिथंच गेली.

तिथल्या पैशाला 'लेक' म्हणतात. "माझ्या खिशात दोन हजार लेकी आहेत," असं आमच्यातला एकजण दिवसभर सांगत फिरला. कॉफीवाल्यानं हजार सांगितले आणि घेतले शंभर! 1965 साली त्यांनी चलनातलं एक शून्य उडवलं, पण लोकांच्या तोंडात जुना हिशेब अजून आहे. आमची आजी अजून चार आणे म्हणते, तसंच. मानेचा घोटाळा वेगळाच. 'पो' म्हणजे हो, 'यो' म्हणजे नाही. पण जुनी माणसं हो म्हणताना मान आडवी हलवतात. आपली तर दोन्हीकडं हलते. त्या चहापाण्यात कोण कुणाला काय म्हणालं, देव जाणे.

पावाला 'बूक' म्हणतात. भूक लागल्यावर हा शब्द कोण विसरणार? 'मोतर' ऐकून मला वाटलं, मातृ, म्हणजे आई. तर नाही, बहीण! मूळ शब्द एकच, नातं बदललं. आपली मराठी आणि त्यांची अल्बेनियन एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. फक्त त्यांची फांदी अगदी स्वतंत्र.

आता ज्याच्यासाठी बोलायला उभी राहिले ते. संध्याकाळी जेवताना शेजारी तेतोवोची एक मुलगी होती. तेतोवो उत्तर मॅसेडोनियात, पण तिची भाषा अल्बेनियन. 1912 ला अल्बेनिया स्वतंत्र झाला आणि 1913 ला लंडनमध्ये बसलेल्या राजदूतांनी सीमा ठरवताना कितीतरी भाषिक बाहेर राहिले. हे ऐकताना खानापूर, बेळगाव, निपाणीच्या माणसाला नकाशा उघडावा लागत नाही.

तिनं विचारलं, घरी काय बोलता? आमच्यात सहा मराठी, तीन कानडी, आणि आपापसात सगळी खिचडी. मग विचारलं, शाळा कुठल्या भाषेत? मी म्हटलं, सातवीपर्यंत मराठी. तिचे डोळे चमकले. तिची आई कोसोवोची. 1990 नंतर तिथं अल्बेनियन शिक्षण सरकारी शाळांतून हटवलं, तेव्हा लोकांनी घराघरांत वर्ग भरवले. आई अशाच एका घरात शिकली, कोट घालून, कारण शेकोटी एकच. तेतोवोतल्या लोकांनी 1994 ला स्वतःचं विद्यापीठ काढलं, सरकारनं ते बेकायदा ठरवलं. मान्यता मिळाली 2004 ला. मुलगी आता तिथंच शिकते.

आपल्याकडं घटनेतलं कलम 350 अ 1956 पासून आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. म्हणजे ते वर्ग आपल्याला चोरून भरवावे लागत नाहीत. आणि तरी जून आला की घरोघरी तीच चर्चा, मराठी शाळेत घालून पोरगी पुढं जाणार कशी? माझ्या बाबांनाही लोकांनी हेच विचारलं होतं.

इंग्रजी नको, असं मी अजिबात म्हणत नाही. मोडकंतोडकं का होईना, त्या रात्री आम्ही सगळे इंग्रजीतच बोललो, ती पण. आमच्यातल्या इंग्रजी माध्यमवाल्यांनाही 'पो' आणि 'यो' माझ्याएवढेच नवीन होते. इंग्रजीला चांगला शिक्षक द्या, ही मागणी जरूर करू, मी सही करते. पण त्यासाठी मराठी वर्ग रिकामा करायचा, हे मला पटत नाही.

येताना मी त्यांचं मुळाक्षरांचं पुस्तक आणलंय. त्यांची भाषा आधी वेगवेगळ्या लिपींत लिहीत, 1908 साली मनास्तिरच्या परिषदेत आजची वर्णमाला ठरली. पुस्तक शाळेला देतेय. मुलांनो, हात धुवून या, मग अक्षरं मोजा. 36 भरली पाहिजेत.