नवी कॅप्री, जुनी चेतक

गाड्यांवर बोल म्हटलं की मी थांबत नाही, म्हणून संयोजकांनी मला तीनच मिनिटं दिली आहेत.

जुलै 2024 मध्ये फोर्डने नवी कॅप्री दाखवली आणि आमच्या शेजारचे जर्मन आजोबा खवळलेच. कंपनी अमेरिकन खरी, पण 1930 साली कोलोनला कारखान्याची पायाभरणी झाली, तेव्हापासून इथे ती घरचीच. 1969 मध्ये आलेली जुनी कॅप्री म्हणजे दोन दारं, लांबलचक नाक, मागे उतरतं छप्पर. आजोबांच्या तरुणपणीची गाडी! नवी उंच, मागेही दारं, विजेवर चालणारी, आणि खालचा सांगाडा चक्क फोक्सवॅगनचा. "ही कॅप्री नव्हेच," आजोबा म्हणाले. मी पडलो इंजिनिअर. बॅटरी तळाला घातली की गाडी उंच होणारच, शिवाय मागे पोरं नीट बसतात, असं बरंच ऐकवलं. ते नुसते हसले.

मग सुट्टीत पुण्याला गेलो. 2020 मध्ये विजेवर परत आलेली चेतक बाबांना हौसेने दाखवायला नेलं. गोल दिवा, पत्र्याची बॉडी, सगळं जुन्यासारखं! बाबांनी सीटवरून हात फिरवला. "छान आहे रे. पण हिला तिरकी नाही ना करावी लागत?"

रोज सकाळी तिरकी करून चालू केलेल्या त्या चेतकवर, पुढे उभा राहून मी शाळेत गेलोय. मला काही बोलताच येईना.

परतल्यावर आजोबांना चहाला बोलावलं, जुन्या कॅप्रीचे फोटो घेऊन या म्हटलं. दोन अल्बम घेऊन आले!