निजलेला संगणक

रात्रीं निबंध अर्धवट टाकून विद्यार्थी संगणकास निद्रावस्थेंत ठेवतो. सकाळीं पडदा काळाच! घाबरून तो वीजेचें बटण दाबून धरतो आणि रात्रीचें सारें लेखन गमावतो.

निद्रावस्थेंत संगणकाचे बहुतेक भाग थांबतात. स्मृतीस मात्र बारीक वीजप्रवाह मिळत राहतो. जतन न केलेला मजकूर त्या प्रवाहावरच तग धरून असतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावलींत या अवस्थेस ‘एस-३’ म्हटलें आहे.

म्हणून प्रथम यंत्रावरील दिवा पाहावा. पुष्कळ यंत्रांत तो लुकलुकत असल्यास संगणक निजलेला समजावा. कळफलकाची एखादी कळ दाबावी. न उठल्यास वीजेचें बटण क्षणभरच दाबून सोडावें आणि मिनिटभर थांबावें. दिवा स्थिर असून पंखा फिरत असेल, तर संगणक जागा आहे, पडदाच अंध आहे. पडद्याची तार व वीजपुरवठा तपासावा. विंडोज प्रणाली असल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकदम दाबाव्या. त्यायोगें चित्र उमटविणारा ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो.

सर्व उपाय थकल्यावरच बटण सुमारें दहा सेकंद दाबून धरावें. हा प्रकार वारंवार घडल्यास ड्रायव्हर अद्ययावत करावा. पुष्कळदां दोष त्याचाच असतो. मात्र संगणकास निजविण्यापूर्वीं मजकूर जतन करण्याची संवय ज्या घरांत आहे, तेथें असा काळा पडदा कोणासही रडवीत नाहीं.