ज्वारीची कोठी आणि हवामानाचा न्याय



हवामान बदलात धूर सोडणारे एक आणि दुष्काळ सोसणारे दुसरे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु सोसणाऱ्यांनीच मार्ग काढल्याची उदाहरणे आपल्या कानावर क्वचितच येतात. म्हणून आज आम्ही जहीराबाद परिसराविषयी बोलणार आहोत.

जहीराबाद तेलंगणात आहे. १९४८ पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. तेथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साहाय्याने गावोगाव स्त्रियांचे 'संघम' उभे राहिले. सभासद बहुतेक दलित, मोलमजुरी करणाऱ्या. दलितांच्या वाट्याला आलेली जमीन मुरमाड, पडीक. (हा अनुभव आपल्यालाही नवा नाही!) त्यातच रेशनवर स्वस्त तांदूळ मिळू लागला आणि ज्वारीची राने ओस पडू लागली.

१९९०च्या दशकाच्या मध्यास संघमांनी युक्ती काढली. पडीक रान कसण्यासाठी शेतकऱ्याला उचल द्यायची, मात्र परतफेड पैशांत नव्हे, ज्वारीत घ्यायची. ती ज्वारी गावातच कोठीत साठवायची. कोणते घर किती गरीब, हे गावाने सर्वांसमक्ष ठरवायचे आणि टंचाईच्या दिवसांत त्या घरांना कमी दराने धान्य द्यायचे. रेशनचे दुकानच गावाने आपल्या हाती घेतले म्हणा ना!

शेतात ज्वारी, तूर, राळा अशी अनेक पिके एकत्र. पाऊस लांबला तर एक जाते, दुसरे हाती लागते. बियाणे घरचेच, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून जपलेले. त्यासाठी दुकानदाराची उधारी नाही. २०१९ मध्ये या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. गरिबाचे म्हणून हिणवलेले धान्य आता शहरात रंगीत पाकिटांतून महाग विकले जाते. कौतुक होवो, पण पिकवणारीच्या नावावर गुंठाभर जमीन नसेल, तर तिच्या पदरात काय पडणार? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो पडीक जमिनीसाठीच. हवामानाच्या न्यायाची मागणी आम्ही त्या सत्याग्रहापासून धरतो.

विद्यार्थी मित्रांनो, सुटीत गावी जाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. गायरान किती उरले, आपल्या वस्तीतील किती स्त्रियांची नावे सातबाऱ्यावर आहेत, कोणत्या आजीकडे कोणते बियाणे शिल्लक आहे, हे विचारून लिहून घ्या आणि ती वही मंडळाच्या कार्यालयात आणून द्या.