पाण्याचा रंग आणि माशांचा ठाव

झरी जामणी तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते आणि तिचे पाणी प्राणहिता, गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते. या तालुक्यापासून समुद्र दूर खरा. पण कोकणातल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे हे कळवणारी संस्थाही समुद्राकाठी नाही. ती पैनगंगेपलीकडे, हैदराबादला आहे. 1999 साली स्थापन झालेल्या या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राला ‘इन्कॉइस’ म्हणून ओळखतात.

हे केंद्र उपग्रहांची मदत घेते, पण उपग्रहाला मासे दिसत नाहीत. त्याला दिसतो पाण्याचा रंग.

समुद्राच्या वरच्या थरात वनस्पती-प्लवक नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांच्यातल्या हरितद्रव्यामुळे पाण्याला हिरवट छटा येते. इस्रोने 26 नोव्हेंबर 2022 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ओशनसॅट-3 ही छटा टिपतो. पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमानही उपग्रहांवरूनच मोजले जाते. खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते तिथे प्लवक फोफावतात. त्यांच्यावर तारली, बांगडा पोसतात आणि या लहान माशांमागे सुरमई, कुपा येतात. रंग आणि तापमान एकत्र पाहून शास्त्रज्ञ मासे जमण्याच्या संभाव्य जागा ठरवतात.

हर्णै असो वा रत्नागिरीचे मिरकरवाडा, बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोल पाण्यात जायचे, हे अक्षांश-रेखांशांसह मराठीतही कळवले जाते. तांडेल ते आकडे जीपीएसवर घालतो आणि बोट थेट तिकडे वळवतो. शोधाशोध कमी झाली की डिझेल वाचते. यांत्रिक बोटीच्या फेरीत मोठा खर्च डिझेलचाच असतो.

या सेवेला मर्यादा आहेत. ढग आले की रंग टिपता येत नाही. प्रवाह जागा बदलतात, त्यामुळे सल्ला थोडेच दिवस उपयोगी ठरतो. शिवाय उपग्रह मासे वाढवत नाही. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी पाळणे आणि लहान पिल्ले जाळ्यात न येऊ देणे, हे माणसाच्याच हाती आहे.

ही माहिती मोफत आहे. ती बड्या ट्रॉलरवाल्यांपुरती राहू नये. छोट्या होडीवाल्यापर्यंत ती रोज, वेळेवर पोचवण्याचे काम किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी अंगावर घ्यावे.