मधपेट्यांची झाडलोट

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात पावसाळा सातेरी मधमाश्यांना जड जातो. फुलोरा नसतो, वसाहती रोडावतात. त्यामुळे पाऊस ओसरला, की पुढच्या हंगामासाठी आधी पेटीकडेच बघायचं.

सुरुवात तळपाटापासून. तिथं साचलेला मेणाचा चुरा खरवडून काढा, कारण मेणकिडा तिथंच वाढतो. मग एकेक चौकट उजेडात धरा. पोळ्यातून पांढरट जाळीचे बोगदे गेलेले दिसले, तर ते पोळं ठेवू नका. वितळवून मेण करा. काळी पडलेली जुनी पोळीही काढा. दर वर्षी थोडी बदलली, तरी पुरे. काटकसर म्हणून अशी पोळी जपणं मला तरी महागातलं वाटतं.

रिकामी पेटी घासूनपुसून कडक उन्हात वाळवा. पोळी मात्र उन्हात ठेवू नका, मेण पाघळतं. रंग द्यायचा तर फक्त बाहेरून, आणि वास जाईपर्यंत माश्या आत सोडू नका. मुंग्या येऊ नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

वसाहत अशक्त असेल तर साखरेचा पाक द्या, साखर आणि पाणी समप्रमाणात. तो संध्याकाळी द्यावा आणि बाहेर सांडू देऊ नये. नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात!

आणि हो, मधयंत्र. गरम पाण्यानं धुऊन ते पूर्ण कोरडं करा. ओल राहिली, तर मध आंबायला वेळ लागत नाही.